डेनिसरावांचं गाव

"जरा तिकडे सरक ना. ते बसत नाहीयेत," मॉरीन म्हणाली.

'ते' म्हणजे तिचे आजोबा. डेनिस टिअर्नी, मेल ड्रायव्हर, भुसावळ. माझ्या जन्माच्या चौदा वर्षं आधी वारलेले. ती त्यांचा चौकटीतला फोटो मॉनिटरशेजारी उभा करत होती आणि नेमकं तिथे माझं कोपर होतं. मी कोपर काढून घेतलं.

"आता कसं छान दिसतंय," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही.

ही दोन हजार पाच सालची गोष्ट. रेल्वे कॉलनीच्या तोंडाशी माझं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, त्यातले तीन चालू, आणि चौथ्यावर आईनं घातलेला क्रोशाचा रुमाल. मॉरीन कॉन्व्हेंटात पहिलीच्या वर्गाला शिकवायची आणि शाळा सुटली की थेट माझ्याकडे यायची. गावातली निम्मी पोरं माझ्यावर जळत होती. त्यांना हे माहीत नव्हतं, की ती यायची दुसऱ्याच पुरुषासाठी आणि मी फक्त इंटरनेट जोडून द्यायचो.

पुरुष सहा फुटी. निळे डोळे. म्हणजे फोटो काळा-पांढरा होता, पण निळे असल्याचं मॉरीननं मला इतक्यांदा सांगितलं होतं, की मला ते निळेच दिसायला लागले होते. टोपी जराशी तिरकी. मिशी अशी, की आपण उगाच आपल्या ओठावरून हात फिरवावा.

"निळ्या, ऐक," ती मला म्हणाली. "आजोबा आयर्लंडमध्ये जन्मले असं सिद्ध झालं, तर नातीला तिकडचा पासपोर्ट मिळतो. कायदाच आहे."

"आणि पणजोबा असते तर?"

"तर नाही मिळत. आजोबाच लागतात."

"थोडक्यात जमलं," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं, थोडक्यात हुकायला हवं होतं.

तर भानगड अशी होती. डेनिस टिअर्नी इंग्रजांच्या फौजेतून हिंदुस्थानात आले, फौज सुटल्यावर रेल्वेत लागले आणि भुसावळलाच राहिले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आयर्लंडातल्या कुठल्या गावचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चर्चमध्ये लग्नाची नोंद होती. त्यात 'वराच्या वडिलांचं नाव' या रकान्यात पाद्रीबाबांनी लिहिलं होतं, 'मयत'. फौजेकडून उत्तर आलं, ते म्हणजे जन्मस्थळ: आयर्लंड. एवढंच. उद्या कुणी माझ्याबद्दल विचारलं आणि सरकारनं 'आशिया' असं कळवलं, तशातली गत.

मॉरीनचे वडील क्लॅरेन्स अंकल रिटायर्ड गार्ड होते. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "डॅडी घरची गोष्ट कधी काढायचे नाहीत. कुणी विचारलं की इंजिनाला तेल द्यायला जायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

आम्ही, म्हणजे मी टाईप करायचो आणि ती सांगायची, तिकडच्या एका ब्रिजिड नावाच्या बाईंना मेल पाठवला. त्या क्लेअर नावाच्या जिल्ह्यात चर्चच्या जुन्या नोंदी सांभाळायच्या. तिकडे हे एक मोठंच काम असतं म्हणे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अर्धा देश पोटासाठी बाहेर गेला. आता त्यांची नातवंडं-पतवंडं अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून परत येतात आणि आमच्या पूर्वजांचा गोठा नेमका कुठे होता, ते विचारतात. ब्रिजिडबाई त्यांना गोठा दाखवतात. लोक गोठ्यापुढे रडतात, फोटो काढतात आणि परत जातात.

ब्रिजिडबाईंचं उत्तर आलं. 'प्रिय मॉरीन, डेनिस टिअर्नी आमच्याकडे भरपूर आहेत. एकट्या आमच्या जिल्ह्यात त्या सुमाराला जन्मलेले पन्नासेक तरी निघतील, आणि ते याच जिल्ह्यातले कशावरून? त्यांच्या आईवडिलांची नावं किंवा गाव कळल्याशिवाय तुमचा डेनिस वेगळा काढता येणार नाही.'

मॉरीनचा चेहरा पडला. मी मनातल्या मनात त्या एकोणपन्नास डेनिसांचे आभार मानले. माणसं कशी हवीत, तर अशी. गर्दी करणारी.

"सापडेल गं," मी म्हणालो. माझ्या आवाजात इतका जिव्हाळा होता, की फोटोतल्या माणसानं माझ्याकडे जरा रोखून बघितल्यासारखं मला वाटलं.

मी काहीच केलं नाही असं नाही. मिशी ठेवली. तिसऱ्या आठवड्यात मॉरीन म्हणाली, "ओठावर काहीतरी लागलंय तुझ्या." मग मी ठरवलं, आपणही घराणं काढायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून केळ्याचे वेफर तळण्यासाठी केळी सोलत होते. त्यांच्यापुढे जाऊन बसलो.

"अण्णा, आपण भंगाळे मूळचे कुठले?"

"यावलचे."

यावल भुसावळहून इतकं जवळ आहे, की तिथला माणूस इकडे जेवायला येऊन हात धुवायला घरी जाऊ शकतो.

"त्याच्या आधी?"

"यावलचेच."

"पण कुठून तरी आले असतील ना? काही संकट, दुष्काळ, लढाई, समुद्र?"

अण्णांनी विचार केला. "तुझ्या आजोबांना यावलला भावानं वाड्यातली मोरी वापरू दिली नाही. म्हणून ते रागानं इकडे आले."

"मोरी?"

"बैलगाडीनं आले," अण्णा म्हणाले. माझं तोंड बघून त्यांना बहुधा दया आली. "एक बैल वाटेत बसला होता."

हे मी मॉरीनला सांगितलं नाही. एकीकडे आगबोट, फौज, मेल इंजिन. दुसरीकडे मोरी.

मॉरीनची आजी घरात होती. यमुनाबाई. रेल्वे फाटकावरच्या गेटमनची मुलगी. लग्नाच्या वेळी चर्चमध्ये तिचं एमिली केलं होतं, पण ते नाव फक्त पेन्शनच्या कागदावर राहायचं. ऐंशी ओलांडलेली, पांढरं लुगडं, गळ्यात जपमाळ आणि तोंडात कॉलनीतल्या कुठल्याही इंग्रजी शिवीपेक्षा खणखणीत खान्देशी. मॉरीननं तिला किती वेळा विचारलं असेल! "आजी, आजोबांचं गाव कोणतं?" आजी म्हणायची, "समुद्रापल्याडचं." त्यांचं नाव तर ती उच्चारायचीच नाही. साहेब म्हणायची. क्लॅरेन्स अंकलनी सगळ्यांना समजावलं होतं, "ममीला विसरायला होतं आता." तिला काय विसरायला होत होतं कुणास ठाऊक. माझ्या आईनं मागच्या संक्रांतीला तिच्याकडून नेलेला पाटा परत केला नव्हता, तो तिच्या बरोबर लक्षात होता.

एकदा दुपारी मॉरीन शाळेत असताना मी तिच्याकडे तो पाटा पोचवायला गेलो. आजी वांगी भाजत होती.

"बस," ती म्हणाली. "भरीत खाऊन जाय."

मी बसलो. समोरच्या भिंतीवर डेनिस टिअर्नींचा आणखी एक फोटो. यात ते इंजिनाच्या पायरीवर उभे होते आणि हसत होते. म्हणजे दातही चांगले होते.

"आजी, साहेब स्वभावानं कसे होते?" काहीतरी खोट निघेल म्हणून मी विचारलं.

"देवमाणूस."

"घोरायचे वगैरे?"

"घोरायचे. पण सुरात."

आजीनं वांग्याची साल काढता काढता माझ्याकडे बघितलं.

"निळ्या, खरं सांगशील?"

"काय?"

"त्या मशीनवर साहेबांचं गाव सापडावं असं तुला वाटतं का?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. वांग्याचा धूर डोळ्यांत जात होता. अशा वेळी माणूस खरं बोलतो.

"नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही," आजी म्हणाली आणि तिनं माझ्या ताटात भरीत वाढलं. नेहमीपेक्षा जास्त. "सापडलं की पोरगी जाईल. साहेबच म्हणायचे, गाव कळलं की पोरांचे पाय तिकडे वळतील. मी निघालो तसे निघतील."

"मग तुम्ही प्रार्थना करता ना रोज, त्यात..."

"त्यात घातलंय ते," आजी म्हणाली. "तू तुझ्या देवाला सांग. दोन्हीकडून लावून धरू."

आम्ही भरीत-भाकरी खाल्ली. मी भिंतीवरच्या माणसाकडे बघून पहिल्यांदाच जरासा हसलो. तुझ्या घरात, तुझ्या बायकोशी, तुझ्याविरुद्ध माझी युती झाली होती.

दिवाळीनंतर माझ्या ताईचं डोहाळजेवण निघालं. आमच्या घरी, गच्चीवर मांडव. केळीचे खांब, फुलांची वाडी, ताई मधोमध झोपाळ्यावर, अंगावर फुलांचे दागिने आणि चेहऱ्यावर केव्हा एकदा जेवायला मिळतंय असा भाव. अख्खी गल्ली आणि अर्धी कॉलनी आलेली. पुरुषांना मज्जाव. मला प्रवेश होता, कारण माझ्याकडे कॅमेरा होता. कॅमेरा असलेला माणूस पुरुषात धरत नाहीत.

मॉरीन हिरवी साडी नेसून आली होती. ती आली आणि मी पुढची काही मिनिटं झोपाळ्याऐवजी जिन्याचं दार शूट केलं. तिच्या मागून आजी आली. ती नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून, बायकांच्या मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी बसली. तिला तिथे बस असं कुणी सांगितलं नाही. आमच्यात अशा कार्यात विधवा बाई मागेच बसते. सगळ्यांना ते इतकं सवयीचं, की पिंप आणि आजी दोन्ही कुणाला दिसत नव्हते.

ओटी भरून झाली आणि नावं घ्यायला सुरुवात झाली. पहिलं नाव ताईचं. मग काकूचं. मग शेजारच्या फालकवहिनींचं. त्यांनी नवऱ्याचं नाव मिक्सरच्या यमकात बसवलं आणि टाळ्या घेतल्या. मी कॅमेरा घेऊन एकेकीपुढे जायचो आणि म्हणायचो, "वहिनी, आता तुम्ही. लाजू नका, कॅसेट कोरी आहे." बायका खिदळत होत्या. मी रंगात आलो होतो. माझी ही जुनी खोड. चार माणसं हसली की माझा ब्रेक निकामी होतो.

"मामी, नाव घ्या! मावशी, घ्या! आजी, तुम्हीही घ्या नाव!"

बोलून गेलो आणि गच्चीवर एकदम चमचा पडला तरी ऐकू येईल असं झालं.

कॅमेऱ्याच्या काचेत यमुनाआजी होती.

"निळ्या!" आईनं माझ्या नावाचे दोन तुकडे केले. काकूनं तोंडावर पदर धरला. विधवा बाईला नाव घ्यायला सांगायचं? एवढा मोठा घोडा झाला आणि एवढंही कळू नये? आई पुढे आली. "यमुनाबाई, मनावर घेऊ नका हो. पोरगं अडाणी आहे आमचं. तोंडाला हाड नाही."

आजी आईकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"काय म्हणालास?"

"चुकलं, आजी."

"चुकलं कसलं? काय म्हणालास ते परत म्हण."

मी आईकडे बघितलं. मग मॉरीनकडे. मॉरीन उभी राहिली होती.

"आजी," मी म्हणालो, "नाव घ्या."

आजीनं पदर सारखा केला. पिंपाचा आधार घेऊन ती उठली. दोघी-तिघींनी हात पुढे केला, तो तिनं धरला नाही.

"साहेब गेल्यापासून कुणी विचारलंच नाही बाप्पा," ती म्हणाली. "मला वाटलं, विसरले असेन."

आणि मग एका दमात, फाटकावरच्या पोरीच्या आवाजात:

"सात समुद्रांपल्याड क्लेअरचं रान,
रानामधी गाव वसलं, नाव किलब्रान.
किलब्रानच्या माथ्याला चुन्याचं घर,
घराम्होरं मायकलबाबा, गाय धारेवर.
धारेचं दूध तापवी नोरा सासूबाई,
नोराबाईच्या लेकाला झोपच येत नाही.
झोप नाही म्हणून धरली आगबोट,
बोटीतून उतरला, अंगात खाकी कोट.
कोटाच्या खिशात बटाटा, बटाट्याला कोंब,
भुसावळच्या यार्डात इंजिनाची बोंब.
इंजिनावर उभे साहेब, मी उभी फाटकात,
डेनिसरावांचं नाव घेते पहिल्यावानी थाटात!"

ताईनं झोपाळ्यावरून टाळी वाजवली आणि गच्ची फुटली. बायका उठून उभ्या राहिल्या. फालकवहिनी आपला मिक्सर विसरून ओरडत होत्या, "आणखी एकदा, आजी, आणखी एकदा!" आजी लाजली. ऐंशी ओलांडलेली बाई पदराचं टोक दातात धरून लाजली, आणि मी ते जवळून घेतलं. कॅमेरा जरासा हलला. कॅमेऱ्यात दोष नव्हता.

मी मेलेल्या माणसावर पुष्कळ दिवस जळत होतो. पण इतका कधीच जळलो नव्हतो. तो माणूस इतकी वर्षं मातीखाली होता आणि त्याचं नाव घेताना त्याची बायको अशी दिसत होती.

मॉरीन गर्दीतून वाट काढत आजीपर्यंत पोचली.

"आजी, हे काय होतं? किलब्रान? मायकल? नोरा? तुला माहीत होतं?"

"मला नाही माहीत असणार तर कुणाला?"

"मग सांगितलं का नाहीस? मी किती विचारलं तुला!"

"तू गाव विचारलंस. नाव घे म्हणून कधी म्हणालीस?"

"आजी!"

"लग्नात माझ्या मावशीनं साहेबांना पाटावर दाबून बसवलं होतं," आजी म्हणाली. आता तिला थांबवणं शक्य नव्हतं. "म्हणाली, सासऱ्याचं नाव सांग, सासूचं सांग, गाव सांग, घर कसं ते सांग. नाहीतर आमच्या पोरीनं उंबऱ्यावर नाव काय घ्यायचं? साहेबांनी हातानं करून दाखवलं, गाय कशी, दूध कसं. मावशीनं नाव जुळवलं. बटाटा तिचाच. आतापर्यंत फौजेलासुद्धा कळलं नव्हतं ते तिनं काढून घेतलं."

"मग आता का सांगितलंस?" मॉरीनचा आवाज खाली आला होता. "तुला तर नको होतं ना, मी जायला?"

आजीनं तिच्या गालावर हात ठेवला. "नाव घे म्हटल्यावर अर्धं घेता येत नाही, बाई."

मग मॉरीन माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. "निळ्या, तू रेकॉर्ड केलंस ना? सगळं आलं ना त्यात?"

कॅसेट माझ्या हातात होती. एक बटण दाबून ती मागे न्यायची, फालकवहिनींना पुन्हा नाव घ्यायला लावायचं, की डेनिसरावांचं गाव फालकवहिनींच्या मिक्सरखाली कायमचं गेलं असतं. पण त्याचा उपयोग नव्हता. मूळ प्रत, म्हणजे आजी, तोवर समोरच्या पंगतीत वरण-बट्टी कुस्करून त्यावर तूप मागत बसली होती.

"आलं," मी म्हणालो. "सगळं आलं."

ब्रिजिडबाईंचं उत्तर यायला फार वेळ लागला नाही. किलब्रान हे टेकडीवरचं छोटं गाव आहे. मायकल आणि नोरा टिअर्नी यांचा मुलगा डेनिस, त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. जन्माचा दाखला सरकारकडून मिळेल. त्यांनी आणखीही लिहिलं होतं. तिकडे स्वातंत्र्य आल्यावर लगेचच डेनिस इंग्रजांच्या फौजेत भरती झाला, म्हणून मायकलनं त्याला घरात परत घेणार नाही असं सांगितलं होतं. गावातले म्हातारे अजून ही गोष्ट सांगतात. त्यानं घर सोडल्यावर नोरा पुष्कळ वर्षं जगली. चर्चमागे दोघांची कबर आहे.

मॉरीननं मेल तीनदा वाचला. फोटो उचलून छातीशी धरला. मग म्हणाली, "तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना."

"मग तोंड असं का?"

"माझं तोंड जन्मापासून असंच आहे. आमच्या घराण्याचं आहे. यावलचं."

"निळ्या."

"मला राग येतो त्यांचा," मी म्हणालो.

"कुणाचा?"

मी फोटोकडे बोट केलं.

ती आधी हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. "आजोबांवर जळतोस? अरे, ते वारलेत."

"तेच तर. काहीच चूक करत नाहीत. मी रोज एक तरी करतो."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नेमका तेव्हाच एक पोरगा आत आला आणि रेल्वे भरतीचा निकाल बघायचाय म्हणाला. मी उठून त्याला कॉम्प्युटर लावून दिला. तो नापास झाला होता. परत आलो तर मॉरीन गेली होती. मेलची छापील प्रत घेऊन, फोटो घेऊन. मॉनिटरशेजारी जागा मोकळी होती. मी तिथे कोपर ठेवून बघितलं. बरं वाटलं नाही.

पासपोर्ट यायला वर्ष गेलं. तेवढ्या वेळात मी तिला जाऊ नकोस असं म्हणायला हवं होतं, असं ताई म्हणायची, अण्णा म्हणायचे, फालकवहिनीसुद्धा म्हणायच्या. मी विनोद करत राहिलो. स्टेशनवर गाडी हलली तेव्हाही मी डब्याबरोबर चालत तिला सांगत होतो, की आयर्लंडात पोचल्यावर पन्नास डेनिस आडवे आले तर घाबरू नकोस. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि गाडी गेली.

क्लॅरेन्स अंकल सिग्नलकडे बघत उभे राहिले, जुन्या सवयीनं. आजी बाकावर बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

"निळ्या," ती म्हणाली, "मी साहेबांच्या आईचा कधी विचारच केला नाही रे. नाव घेताना दरवेळी दूध तापवायला लावलं तिला. पोरगा आगबोटीत चढला आणि आपण यमक पुढे नेलं. तिनं पुढे काय केलं असेल?"

मला ते माहीत असतं तर मीही घरी जाऊन तेच केलं असतं.

"तुझ्या मशीनवरून तिला लिहिता येईल का?"

"कुणाला?"

"सासूबाईंना."

"आजी, त्या वारल्या. केव्हाच."

"मग काय झालं? मेलेल्या माणसांशी तुझं वर्षभर भांडण चाललं होतं, तेव्हा चाललं ना?"

आम्ही तसेच कॅफेत गेलो. आजी मॉरीनच्या खुर्चीवर बसली. मी मेल उघडला. पत्ता ब्रिजिडबाईंचा. वर लिहिलं, नोराबाई टिअर्नी, द्वारा ब्रिजिड.

"इंग्रजीत लिहू ना?" मी विचारलं.

"मराठीत लिही."

"त्यांना मराठी कळेल?"

"मेल्यावर सगळं कळतं," आजी म्हणाली. "जिवंत असताना भाषा लागते."

मग ती सांगत गेली आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करत गेलो. सासूबाईंना यमुनेचा नमस्कार. तुमचा मुलगा चांगला होता. पोटभर जेवायचा. तुमची आठवण यायची तेव्हा इंजिनाला तेल द्यायला जायचा, हे पोरांना कळलं नाही, मला कळायचं. शेवटी आजारी होता, तेव्हा तुमच्या गाईचं नाव घेत होता. ते नाव मला नीट लागलं नाही, माफ करा. आता तुमची पणती येते आहे. डोळे त्याच्यासारखे आहेत. तिला तुमचं घर दाखवा. पण ठेवून घेऊ नका. परत पाठवा.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

मी तिला वाचून दाखवलं. ती मान हलवत राहिली. मग ती पदरानं चष्मा पुसत असताना मी शेवटच्या ओळीत थोडी दुरुस्ती केली आणि पाठवून दिलं.

महिन्याभरानं मॉरीनचा फोन आला. ब्रिजिडबाईंनी तो मेल छापून ठेवला होता. त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं, पण वरचं नाव कळलं होतं, म्हणून त्या मॉरीनला घेऊन चर्चमागे गेल्या आणि म्हणाल्या, हे टपाल तुझ्या पणजीचं आहे, तूच वाचून दाखव.

"मग?"

"वाचलं मी. मोठ्यानं. मराठीत," ती म्हणाली. "आजूबाजूला नुसत्या मेंढ्या होत्या."

"त्यांना कळलं?"

"गप्प बस. ऐक." तिकडे वारा खूप होता. ती जराशी ओरडूनच बोलत होती. "शेवटी लिहिलंय, 'तिला लवकर परत पाठवा.' हे 'लवकर' आजीनं सांगितलं?"

मी खुर्चीत नीट बसलो. तोंडाशी एक बरा विनोद आला होता. तो जाऊ दिला.

"नाही," मी म्हणालो. "आजीला घाई नव्हती."